बाबांनी डोंगर उतरवला, मी पोरांना परत कशी चढवू?

पत्र थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

चोवीस वर्षांची ही मुलगी राधानगरी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरची, गवळी धनगर घरातली. वडील दहावीनंतर डोंगर उतरून शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत लागले आणि उचगावात दोन खोल्या बांधून राहिले. ती कोल्हापुरातच वाढली, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आजी आणि दोन चुलते अजून वाड्यावर असतात, सात म्हशी आहेत. गेल्या उन्हाळ्यात ती महिनाभर तिथं राहिली. एका संध्याकाळी एक म्हैस परतली नाही. ती कुठल्या अंगाला गेली असेल हे चौदा वर्षांच्या चुलतभावाला सांगता येईना. आजी मात्र पायवाटेवरचं शेण अंगठ्यानं दाबून बघत बघत गेली आणि अर्ध्या तासात म्हैस घेऊन आली. त्यानंतर वाड्यावरची म्हातारी माणसं एकत्र बसली. दर रविवारी पोरांना रानात न्यायचं, आपल्याला येतं ते त्यांच्या हातात द्यायचं असं ठरलं. तिला सांगितलं, ‘तू शिकलेली हाईस, तू जमव.’ हे ऐकून वडील म्हणाले, ‘मी तुला डोंगर उतरवला आणि तू पोरांना परत चढवाय निघालीस?’ तेव्हापासून ते या विषयावर बोलत नाहीत. दरम्यान शहरातल्या एका गटानं तिला विचारलं आहे: वाड्याजवळ तंबू, शहरातली मुलं, फी, ‘आदिवासी जीवनाचा अनुभव’ असं नाव, आणि तिला मानधन. ती विचारते: बाबांचं ऐकू का? त्या गटाला हो म्हणू का? मलाच रानातलं धड काही येत नाही, मी कुठल्या तोंडानं शिकवू? आणि पोरांना मी मागं तर ओढत नाही ना?

---

तुझ्या बाबांपासून सुरुवात करते, कारण या पत्रात सगळ्यात कमी बोललेला माणूस तेच आहेत. तू लिहिलंयस, ते पहाटे अंधारात निघायचे, खालच्या गावातली शाळा गाठायला दोन तास लागायचे, आणि आषाढात ओढा भरला की चार-चार दिवस त्या गावातल्या एका घराच्या पडवीत पोत्यावर झोपायचे. ज्या माणसानं दहावी अशी काढली, त्याला ‘रविवारी पोरांना रानात न्यायचं’ हे ऐकून काय वाटेल? तुला त्यात आजी दिसते, करवंदं दिसतात, म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. त्यांना तो भरलेला ओढा दिसतो.

त्यांचं भय खोटं नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, शहरात वसतिगृहं उभी केली, आणि आपण कोल्हापूरकर त्याचा अभिमान सांगतो, सांगावाच. पण डोंगरमाथ्यावरच्या चार-पाच घरांच्या वाड्याला ती शाळा कायम लांबच पडली. शिक्षण हक्क कायदा आला २००९ मध्ये. त्याचे नियम सांगतात की पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. तुझ्या पत्रावरून दिसतं की तुमच्या वाड्यावरची पोरं अजून यापेक्षा जास्त चालतात. म्हणजे बाबा ज्यातून गेले ते संपलेलं नाही. त्यांच्या रागाला ‘जुन्या विचारांचे आहेत’ असं नाव देऊ नकोस.

तू एका ठिकाणी लिहिलंयस की कॅनडातल्या मूलनिवासींचे व्हिडिओ बघून तुला हे सगळं सुचायला लागलं. ते लोक फार मोलाचं काम करत आहेत, त्याबद्दल सांगते, पण तुमचं आणि त्यांचं दुखणं वेगळं आहे हेही सांगते. कॅनडात सरकार आणि चर्च यांनी मिळून चालवलेल्या निवासी शाळांत दीड लाखांवर मूलनिवासी मुलं घातली गेली, कितीतरी जणांना आईबापांकडून ओढून नेलं. स्वतःची भाषा बोलली म्हणून मार बसायचा. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांच्याकडचं जमिनीवरचं शिक्षण या जखमेतून उगवलेलं आहे. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये डेने लोकांच्या भूमीत डेचिंता नावाचं केंद्र आहे. तिथं तरुण मुलं रानात मुक्काम करतात, मूस नावाच्या थोराड हरणाचं कातडं कमवायला वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून शिकतात, आणि त्या शिकण्याला विद्यापीठाचे श्रेयांक मिळतात. न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’ सुरू केलं, म्हणजे भाषेचं घरटं. तिथं म्हातारी माणसं लहानग्यांशी दिवसभर माओरीतच बोलतात.

त्यांच्याकडं शाळेनं पोरं उचलून नेली. तुमच्याकडं शाळा आलीच नाही, पोरांना तिच्या मागं चालत जावं लागलं. हा फरक तुझ्या सगळ्या निर्णयाच्या मुळाशी ठेव. तिकडच्या वडीलधाऱ्यांनी ‘आमची पोरं आम्हाला परत द्या’ म्हणणं साहजिक आहे. तुमच्या वाड्याला दोन्ही मागावं लागणार आहे, शाळाही आणि रानही. उद्या कुणी साहेब वर येऊन म्हणाला, ‘अरे वा, तुमची रानशाळा छान चालली आहे, मग खालच्या शाळेसाठी गाडी कशाला मागता?’ तर तुमच्या पोरांचं वाटोळं होईल. म्हणून रविवारचं काम सुरू करायच्या आधी वाड्यानं एक अर्ज द्यावा, शाळेच्या गाडीचा किंवा ओढ्यावरच्या साकवाचा. तो अर्ज लिहायला बाबांना बसव. त्यांच्या अक्षरात असू दे.

आता तुझ्या मनात घट्ट बसलेली एक गोष्ट थोडी हलवून बघते. ‘उतरणं’ म्हणजे पुढं जाणं आणि ‘चढणं’ म्हणजे मागं जाणं, हे बाबांनी म्हटलं आणि तू ते धरून बसलीस. पत्राच्या शेवटी तू स्वतःच विचारतेस, ‘मागं तर ओढत नाही ना?’ तू एम.एस्सी.ला सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावरच्या, सीतेच्या आसवांचा अभ्यास केलास असं लिहिलंयस. ते निळं-जांभळं फूल किडे का खातं हे तुला ठाऊक आहे. जांभ्याच्या सड्यावर मातीच वीतभर, त्यात नत्र फार थोडं, म्हणून ते झाड किड्यांतून नत्र मिळवतं. आता आजीला विचार, सड्यावर पाणी किती दिवस साचतं, म्हशी तिथं कधी सोडायच्या आणि कधी अजिबात फिरकू द्यायच्या नाहीत. तुझ्या शास्त्राला सड्याचं पोट कळतं, तिला सड्याचं वर्ष कळतं. यातलं मागं कोण आणि पुढं कोण हे मला तरी ठरवता येत नाही.

आणि म्हाताऱ्यांकडं जे आहे ते ‘जुनं’ आहे असंही समजू नकोस. पाऊस बदलला तशी त्यांची गणितं बदलली असतील, नवीन रस्ता झाला तशा म्हशींच्या वाटा बदलल्या असतील. ती माणसं दर वर्षी रान नव्यानं वाचतात. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांवरचा शोधनिबंध १९८२ मध्ये छापला. घाटमाथ्यावर गवळी धनगर, खालच्या खोऱ्यात कुणबी, आणि दोघांनी एकाच मुलखाचा वापर एकमेकांच्या आड न येता कसा वाटून घेतला होता, हे त्यात आहे. तो निबंध जगभरच्या ग्रंथालयांत आहे. तुझ्या चौदा वर्षांच्या भावाला मात्र म्हैस कुठं गेली ते सांगता येत नाही. मला या पत्रातली सगळ्यात दुखरी जागा हीच वाटते.

म्हणून माझं मत सरळ सांगते: हे काम कर. पण ‘तू शिकव’ असं तुला कुणी म्हटलेलंच नाही. म्हाताऱ्या माणसांनी काय म्हटलं? ‘तू जमव.’ ते शब्द नीट धरून ठेव. शिकवणार आजी आणि बाकीची म्हातारी माणसं. तू पोरांना गोळा करणार, वेळ ठरवणार, वही धरणार, कुणाला बरं नसेल तर रविवार पुढं ढकलणार. तुला रानातलं येत नाही ही अडचण नाही, उलट बरंच आहे. तू त्या पोरांच्या ओळीत बसशील तेव्हा शिकलेली ताईसुद्धा आजीकडून शिकते हे त्यांना दिसेल. एवढ्यानंच आजीची किंमत त्यांच्या डोळ्यांत वाढते.

एक अनुभव सांगते, माझ्याच चुकीचा. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी मुलांसाठी निसर्ग शिबिर घेतलं होतं. जवळच्या वाड्यावरच्या एका आजींना बोलावलं, खुर्ची दिली, हातात माइक दिला आणि म्हटलं, ‘आजी, रानातल्या औषधांची माहिती सांगा.’ त्या माइककडं बघत राहिल्या. ‘मला काय ठावं न्हाई बाई,’ म्हणाल्या आणि पदर सारखा करत खाली बसल्या. मुलांना वाटलं, आजींना खरंच काही येत नाही. दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांना सोडायला वाड्यापर्यंत गेले. तेवढ्या वाटेवर त्या एकदाही गप्प बसल्या नाहीत. हे पान जनावराच्या जखमेला, या झाडाखाली थांबायचं नाही, इथं पूर्वी झरा होता तो रस्ता फोडल्यावर आटला, या खडकावर त्यांच्या सासूचा पाय घसरला होता. चालताना त्यांचा हात सारखा काहीतरी खुडत होता, वास घेऊन टाकत होता. त्यांना सगळं येत होतं. आम्हीच त्यांना जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवलं होतं. ते मला अजून लागतं.

तेव्हा शिकवायची जागा रानच ठेव, आणि काम खरं ठेव. नुसती फेरी नको. पोरं माहिती ऐकायला आली की दोन रविवारांत कंटाळतात. कामाला आली की टिकतात. उन्हाळ्यात झऱ्याचा गाळ काढायचा असेल तर काढता काढता आजोबा पाणी कुठून येतं ते दाखवतील. कुडाची भिंत पडली असेल तर कारवीच्या काठ्या कुठल्या घ्यायच्या, किती जुन्या, माती आणि शेण किती, हे हाताला कळेल. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तुझ्या भावानं या खेपेला बघितली तर पुढच्या खेपेला तो एकवीस-बावीस वर्षांचा बाप्या असेल. हे त्याला आजीनं सांगितलं तर त्याच्या मनात राहील, पुस्तकातून वाचलं तर परीक्षेनंतर जाईल.

अभ्यासक्रम कागदावर आखत बसू नकोस. तुमच्याकडं नक्षत्रं आहेत. जूनच्या सुरुवातीला मृग निघतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, एकेक तेरा-चौदा दिवसांचं. म्हणजे एका नक्षत्रात दोन रविवार बसतात. त्या पंधरवड्यात रानात जे चाललंय तेच शिकायचं. मृगात नाचणीची तरवं टाकायची, इरलं बांधायचं, कुठल्या ओढ्याला आधी पाणी येतं ते बघायचं. आर्द्रात रानभाज्या. पहिल्यांदा तेरं शिजवाल तेव्हा आजी त्यात आमसूल टाकेल, नाहीतर घसा खवखवेल. तेव्हा तू तिथंच सांग की त्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. एखादं भिंग बरोबर ने. पण क्रम पाळ, आधी आजीची भाजी खाऊ दे, मग तुझं भिंग. उलटं केलंस तर आजी तुझ्या शास्त्राचं उदाहरण होऊन बसेल आणि पोरं तिच्याकडं बघायची थांबतील.

सगळंच म्हाताऱ्यांचं बरोबर असतं असंही माझं म्हणणं नाही. साप चावला की थेट दवाखाना, मंत्र नाही, पाला नाही, यात तडजोड करायची नाही. सर्पविषावरचं इंजेक्शन, म्हणजे प्रतिविष, हाच उपाय आहे. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात ते मिळतं हे पहिल्या रविवारच्या आधी विचारून ठेव. गवा दिसला की लांबूनच मागं फिरायचं. ओढा भरला तर त्या दिवशी कुणी ओलांडायचा नाही. देवराईत मुलींनी यायचं की नाही असा प्रश्न निघाला तर वाद घालू नकोस, आजीला आणि वाड्यावरच्या इतर बायकांना आपसांत बोलू दे. अशा गोष्टी बायकाच बदलतात, बाहेरून आलेल्या भाषणानं त्या बदलत नाहीत. पण मुली या कामात पहिल्या दिवसापासून हव्यात, आणि शिकवणाऱ्यांत बायका निम्म्या तरी हव्यात. झरा कुठला मे महिन्यातही टिकतो हे हंडा वाहणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक असतं?

आता त्या शहरातल्या गटाबद्दल. त्यांचा हेतू वाईट असेल असं मी धरून चालत नाही. पण त्यांच्या कागदावरचं पहिलंच नाव चुकलंय. ‘आदिवासी जीवनाचा अनुभव’ असं त्यांनी म्हटलंय, आणि तुम्हाला विचारलेलंसुद्धा नाही. आपल्या राज्यात धनगर समाज अनुसूचित जमातींत नाही, भटक्या जमातींच्या ‘क’ गटात आहे. त्याबद्दलच्या मागण्या आणि वाद वेगळे, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तुम्ही स्वतःला काय म्हणवता हे तुमच्या वाड्यानं ठरवायचं. ज्याला तुमचं नाव विचारावंसं वाटलं नाही, तो पुढं बाकी काय विचारेल याचा अंदाज येतो.

दुसरं, त्या प्रस्तावात म्हातारी माणसं कुठं आहेत? तुझ्या पत्रावरून मला दिसलं ते एवढंच: सकाळी ‘स्थानिकांशी गप्पा’ आणि रात्री गजनृत्य. शिकणारी मुलं शहरातली, पैसे शहरातले, वेळापत्रक शहरातलं. वाड्यावरची पोरं काय करणार, तर ताटं वाढणार. हे चालू झालं की तुझा भाऊ रान शिकणार नाही, पाहुण्यांसमोर रानातला मुलगा म्हणून उभं राहायला शिकेल. मला याची खरोखर भीती वाटते.

त्यांना कायमचं नाही म्हण असं मी सांगत नाही, आत्तापुरतं नाही म्हण. तुमचं काम निदान एक पूर्ण वर्ष, म्हणजे मृग ते मृग, फक्त तुमच्या पोरांसाठी चालू दे. त्यानंतर वाड्याला वाटलं तर त्यांना बोलवा, तुमच्या अटींवर. किती माणसं यायची, कुठल्या महिन्यात, कुठल्या जागी पाऊल टाकायचं नाही, कशाचे फोटो नाहीत, आणि पैसे कुणाच्या हातात जाणार, हे सगळं आधी मराठीत कागदावर लिहून सगळ्या घरांच्या सह्या. म्हाताऱ्यांना त्यांच्या दिवसाचा मोबदला मिळालाच पाहिजे, आणि तो ‘सत्कार’ म्हणून शाल-नारळाच्या रूपात नको, रोख हवा.

औषधांची माहिती कुठंही टाकायची नाही, ना व्हॉट्सॲपवर, ना यूट्यूबवर, अगदी तुझ्या प्रबंधातही वाड्याला विचारल्याशिवाय नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यात गावोगावी समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे. तुमच्या ग्रामपंचायतीची नोंदवही कुठं आहे, त्यात तुमच्या वाड्याचं नाव आहे का, हे एकदा जाऊन विचार. नोंदवायचं काय आणि झाकून ठेवायचं काय, हे आजींच्या बैठकीत ठरू दे.

यापेक्षा मोठी गोष्ट वनहक्कांची आहे आणि तिच्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस, म्हणून थोडं थांबून सांगते. तुमचा वाडा अभयारण्याला लागून आहे. १९५८ मध्ये दाजीपूरचं अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं, आज साधारण ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यातल्या ३९ ठिकाणांत ते आहे. जगाचा वारसा झालेल्या रानात तुमच्या म्हशींच्या पायवाटा कुठल्या कागदावर आहेत? २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा, पशुपालकांच्या हंगामी वापराचा आणि पारंपरिक ज्ञानाचाही सामूहिक हक्क मानला आहे. अनुसूचित जमातींत नसलेल्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करता येतो, पण १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथलं राहणं दाखवावं लागतं. ते दाखवणं कठीण जातं, हे खरं आहे. पण त्याच कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे.

यात तुझ्या रविवारांचा किती उपयोग आहे बघ. पोरं आजोबांबरोबर हिंडतील, जुनं घरठाण कुठं होतं, वाघजाईचा दगड कुठं, उन्हाळ्यातलं पाणी कुठं, कुणाच्या आजीला कुठं पुरलं हे बघतील आणि नकाशा काढतील. तो नकाशा त्यांच्या शिक्षणाचाही भाग आणि दाव्याच्या तयारीचाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागं वर्षानुवर्षं गावानं बसून केलेला स्वतःच्या रानाचा अभ्यास होता. जमिनीवरचं शिक्षण जमिनीच्या हक्काशिवाय फार दिवस टिकत नाही. पायवाटच बंद झाली तर त्या वाटेवर शिकवणार काय? दाव्याचे नमुने ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे असतात. सामूहिक वनसंसाधनाचा दावा ‘क’ नमुन्यात जातो. हे एकटीनं करू नकोस, जिल्ह्यात वनहक्कांवर काम करणारी माणसं आहेत, वकील आहेत, त्यांना वर बोलाव. आणि अभयारण्याच्या हद्दीत पोरांना न्यायच्या आधी वनक्षेत्रपालांना लेखी कळव. भांडण करायचंच असेल तर हक्काच्या कागदासाठी करू, रविवारच्या फेरीसाठी नको.

शाळेतल्या गुरुजींनाही सांग. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचं म्हटलंय, स्थानिक कारागिरांकडं आणि जाणकारांकडं जाऊन शिकण्यासाठी. त्यातले दोन दिवस खालच्या गावातल्या पोरांनी वर वाड्यावर यावं, आजीकडं. तुमची पोरं रोज खाली जातात, एकदा खालची वर येऊ देत. खाली त्यांना कुणी ‘डोंगरातली’ म्हणून चिडवत असेल तर त्याचा जोर त्या दिवशी जरा कमी होईल.

हे पत्र वाचणारे बाकीचेही असतील. करवीर, कागल, हातकणंगल्यात उसाच्या शेतात वाढलेली आणि आता पुण्याला कंपनीत असलेली मुलं मला लिहितात की गावी गेल्यावर वडिलांशी बोलायला विषय नसतो. तुम्हाला वाडा नाही, देवराई नाही, तरी तुमच्या विहिरीचं पाणी पूर्वी कुठल्या महिन्यात तळाला जायचं आणि आता कुठल्या, हे वडिलांना विचारून बघा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणं जपलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं शिक्षण वडिलांच्या शेतातच झालं.

तुझ्या परीक्षेचं राहिलंच. दर रविवारी उचगावाहून वाड्यावर जाऊन तुझा अभ्यास होणार नाही. महिन्यातून दोन रविवार तू जा, बाकीचे दोन धाकट्या चुलत्यांकडं सोपव. तू नसताना चालत नसेल तर ते काम तुझं झालंय, वाड्याचं राहिलेलं नाही, असं समज आणि एक पाऊल मागं घे. वनसेवेची परीक्षा तू देणार असशील तर त्या पोरांबरोबर आजीच्या मागं चाललेले हे रविवार तुला वाया वाटणार नाहीत, कुठल्याही खुर्चीत बसलीस तरी.

आणि बाबा. त्यांना समजावायला बसू नकोस, भाषण करू नकोस, माझं हे उत्तरही लगेच वाचायला देऊ नकोस. त्यांना एक काम सांग. तुमच्या वाड्यावरची पोरं आजही खालच्या शाळेला चालत जातात. बाबांनी ती वाट दहा वर्षं तुडवली आहे, पावसात, अंधारात, एकट्यानं. ओढा कुठं ओलांडायचा आणि पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं की माघारी फिरायचं, कुठल्या वळणावर निसरडं असतं, अवचित अडकलं तर कुणाचं घर दार उघडतं, हे त्या पोरांना कोण सांगणार? तुला माहीत नाही, आजीलाही नाही, ती शाळेत गेलीच नाही. वाड्यावर हे फक्त त्यांना ठाऊक आहे. पहिला रविवार त्या वाटेवर घे, मृग निघायच्या आधी, आणि पुढं त्यांना चालू दे.

पहिल्यांदा नाही म्हणतील. तरी शनिवारी रात्री भाकरी करताना दोन जास्त थापून ठेव.